मावशी करायची कोणी

"पदर वाईच खाली घे रे मेल्या. बाय हायस तू, पोलीसपाटील नाय."

"खाली घेतला का पायात येतंय, सर."

"पायात आला तर हातानं उचलायचा. तुजी आवस कशी चालते ती बगत नायस?"

"माजी आवस गाऊन घालते, सर."

हॉलमधली सगळी पोरं खिदळली. सदू मास्तरही हसला, कारण उत्तरात दम होता. मग त्याने नववीतल्या रितेशला कंबरेला धरून गर्रकन फिरवलं आणि सुटलेला काष्टा पुन्हा खोचायला घेतला. रितेशच्या ओठांवर नुकती लव आलेली, पायात क्रिकेटचे बूट, अंगावर सदूच्या बायकोच्या, विमलवहिनींच्या, कपाटातलं हिरवं नऊवारी. डोक्यावर मासळीची रिकामी पाटी. कार्यक्रमात तो घाट चढून सुकी मासळी विकायला जाणारी कोकणची कष्टकरी स्त्री होणार होता. तूर्तास तो सोसायटीच्या निवडणुकीत पडलेल्या उमेदवारासारखा दिसत होता.

आरे-वारेचा रस्ता समुद्र सोडून वर कातळावर चढतो, तिथे वळणावर एक शाळा आहे. त्या शाळेत सदानंद घवाळी इतिहास शिकवतो. म्हणजे पगार इतिहासाचा घेतो. पंचक्रोशीत त्याला इतिहासाचा मास्तर म्हणून कोणी ओळखत नाही. भाट्यापासून वर कुठल्याही वाडीत जा आणि विचारा, घवाळी सर कुठे राहतात? लोक माना हलवतील. विचारा, मावशी कुठे राहते? चहा पाजून घरापर्यंत आणून सोडतील.

ज्यांनी आमच्याकडचं नमन बघितलेलं नाही त्यांना सांगायला हवं. आधी गण होतो, मग गवळण. गौळणी दूध-लोणी घेऊन मथुरेच्या बाजाराला निघतात, वाटेत कृष्ण आणि त्याचे सवंगडी त्यांना अडवतात. गौळणींची म्होरकी ती मावशी. तोंडाने फाटकी, कुणाच्या बापाला न भिणारी. कृष्ण देव असला तरी तिच्या लेखी तो शेजारणीचा वाया गेलेला पोर. सगळी गवळण तिच्या जिभेवर चालते. लोक मध्यरात्रीपर्यंत मंडपात टिकतात ते तिच्यासाठी. आणि ही मावशी पिढ्यान् पिढ्या बाप्यानेच करायची. गौळणीही बाप्येच. त्यात कुणाला कधी काही वावगं वाटलेलं नाही.

वीस-बावीस वर्षं गावच्या मंडळाची मावशी सदूच करत आला. वयाबरोबर पोट सुटलं तेव्हा त्याने त्याचंही सोनं केलं. "पँटीत दिसतंय ती ढेरी, लुगड्यात दिसतंय त्यां वैभव," असं तो स्वतःच सांगायचा. वर्गात त्याचा तास असला की मागच्या बाकावरचे झोपायचे. मंडपात तो नुसता कमरेवर हात ठेवून उभा राहिला तरी म्हातारे जागे व्हायचे. आपण माणूस म्हणून सुमार आणि बाई म्हणून अव्वल आहोत, हे त्याला केव्हाच कळून चुकलं होतं. त्याची तक्रारही नव्हती.

तर फेब्रुवारीत हेडमास्तर हरिहर सरांनी त्याला बोलावलं.

"घवाळी, आठ मार्चला स्त्रियांच्या इतिहासावर काहीतरी करायचंय. भाषण नको. मागच्या वर्षी भाषणात खुद्द पाहुणेच झोपले होते."

"करू की, सर."

"तुमचाच विषय आहे म्हणून म्हटलं."

विषय सदूचा होता खरा, पण त्यातल्या स्त्रिया त्याच्या नव्हत्या. इतिहासाच्या पुस्तकात बाया बहुतेक करून चौकटीत असतात. धडा चालतो लढायांचा, तहांचा, बाप्यांचा, आणि पानाच्या कोपऱ्यात पिवळ्या चौकटीत एक बाई असते, तिच्याबद्दल चार ओळी. सदूचं त्यावर ठरलेलं वाक्य होतं, "चौकट घरी वाचा, परीक्षेला येत नाही." कितीतरी बॅचेस त्याने अशा काढल्या. त्या दिवशी हेडमास्तरांच्या खोलीतून बाहेर येताना त्याच्या ध्यानात आलं की इतक्या थोर बायांना एवढ्या शिस्तीत घरी धाडणारा तालुक्यात आपल्यासारखा दुसरा नसेल. स्टाफरूममध्ये त्याने हे सगळ्यांना हसत हसत सांगितलं. स्वतःवर विनोद केला की सुधारणा झाल्यासारखं वाटतं, आणि पुढचं काम वाचतं.

पण या खेपेला त्याला खरोखरच कल्पना सुचली. नमन करायचं. मथुरेला निघालेल्या गौळणींना वाटेत कृष्ण भेटण्याआधी एकेक करून इतिहासातल्या बाया भेटतात. चौकटीतल्या भेटतात, आणि आपल्या किनाऱ्यावरच्याही भेटतात. घोव बोटीवर गेल्यावर भाताची लावणी एकटीने ओढणारी खलाशाची बायको, वाडीत पहिल्यांदा लिहायला शिकलेली सुईण, पाटी घेऊन घाट चढणारी. मावशी त्या प्रत्येकीला विचारते, तू कोण गो, तुझं नाव पुस्तकात का नाही? सदूने दोन रात्री बसून लिहिलं. खलाशाच्या बायकोवर आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. स्वतः लिहून स्वतःच रडणारा लेखक म्हणून त्याने स्वतःला एक चिमटाही काढला, आणि मग उरलेलं रडून घेतलं.

पात्रं निवडायला वेळ लागला नाही. बारीक कंबर आणि बरा गळा असलेले पोरगे त्याने रांगेत उभे केले. रितेश घाट चढणारी, अपूर्व सुईण, असं करत बाया पुऱ्या झाल्या. सुजय कृष्ण. मावशी कोण, हा प्रश्नच नव्हता. पोरींना त्याने कामं वाटून दिली. नेसवायचं, वेण्या घालायच्या, रांगोळी काढायची, पाहुण्यांचं बघायचं. पोरी "हो सर" म्हणाल्या. हेडमास्तर "उत्तम" म्हणाले. सगळं इतकं रीतीप्रमाणे चाललं होतं की कुठे खटकायला जागाच नव्हती.

तर रितेशचा काष्टा तिसऱ्यांदा सुटला तेव्हा सदू वैतागला. "अगो शमिका, ह्याला वाईच चालून दाखव. पाटी घेऊन बाय कशी चालते ती."

शमिका दहावीतली. उंच, सावळी, वर्गात फार न बोलणारी. तिची आई काजूच्या कारखान्यात जाते. तिने पाटी डोक्यावर घेतली, एक हात वर टेकला, दुसरा सोडला आणि हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेली. आली. पाटी खाली ठेवली.

"बगलास?" सदू रितेशला म्हणाला. "आता तू कर."

"सर, एक इचारू?" शमिकाने मधेच म्हटलं.

"इचार."

"ह्यो कार्यक्रम बायांच्या इतिहासाचा ना?"

"व्हय."

"मंग ह्यात बाया कोन कोन हायत?"

"कोन कोन म्हंजे? रितेश हाय," सदूने करंगळी दुमडली. "अपूर्व हाय. तो आठवीतला..." तिसऱ्या बोटाशी तो थांबला. बोट तसंच हवेत राहिलं. पोरी एकमेकींकडे बघत नव्हत्या, सगळ्या त्या बोटाकडे बघत होत्या.

"नमनात बाया नसतात गो," तो म्हणाला. "परंपरा हाय ती."

हे वाक्य बाहेर पडलं आणि त्याच्या स्वतःच्याच कानाला लागलं. आदल्याच आठवड्यात त्याने वर्गात फळ्यावर लिहून दिलं होतं, 'परंपरेच्या नावाखाली स्त्रियांना संधी नाकारण्यात आली.' खाली दोन रेघा मारल्या होत्या.

घरी येऊन त्याने विमलला सांगितलं. विमल पडवीत बसून सुके बोंबील निवडत होती. तिने हातातलं काम थांबवलं नाही.

"बायांच्या कार्यक्रमात पोरगे. बरां हाय की," ती म्हणाली. "आता आंब्याच्या प्रदर्शनात फनस ठेवा."

"तू आदी का बोलली नाय?"

"तुमी आदी इचारलाव काय? हिरवां लुगडां न्या, निळां न्या, येवडांच इचारलाव."

सदू रात्रभर विचार करत होता असं नाही. तो झोपला, घोरला. पण सकाळी उठला तो सुधारक होऊन. शाळेत गेल्या गेल्या सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं आणि जाहीर केलं की बायांची सगळी पात्रं पोरीच करतील. पोरग्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. रितेशने तर जागच्या जागी नमस्कार केला. सदूला आपण फार मोठं काहीतरी केल्यासारखं वाटत होतं. हेडमास्तरांना सांगायला जाताना त्याने वाटेत केसांवरून कंगवाही फिरवला, न जाणो, सुधारकाचा फोटो कोणी काढायचा.

"शमिका, तू खलाशाची बायको कर," तो म्हणाला. "सगळ्यांत मोठं पात्र हाय. शेवटी मरते ती."

"मना ती नको, सर."

"मग सुईण घे."

"ती पन नको. थोर बायांना काय कामच नसतां, सर. उभ्या ऱ्हातात, वर बगतात, मरतात. लोक हात जोडतात आनि चा प्यायला जातात."

"मग तुला हवां काय?"

"मना मावशी हवी."

सदूला वाटलं, कोणीतरी आपली सायकल मागितली असती तरी दिली असती, हिने पायच मागितले.

"अगो, मावशीचां बोलनां कसलां असतां तुला ठावूक नाय? ती पान खाते. कृष्णाच्या आयशीचा उद्धार करते. कंबरेत हात घालून लोकांच्या अंगावर जाते. पोरीच्या जातीला ता शोभायचां नाय. लोक काय बोलतील?"

"तुमाला कोन काय बोलतंय काय?"

"मी बाप्या हाय."

"मंग मावशी बाप्या हाय?"

सदूने घड्याळ बघितलं, तास झाला असं म्हणाला, आणि निघून गेला. तास व्हायला बराच वेळ होता.

लोक काय बोलतील ही सबब होती हे त्याला स्वतःला पक्कं ठाऊक होतं. थोर बाया तो पोरींना आनंदाने द्यायला तयार होता. रडायचं, सोसायचं, मरायचं ते सगळं पोरींचं. हसवायचं ते मात्र त्याचं. सगळ्या मंडपाला एका शब्दाने लोळवणारी बाई, ती त्याची. ती दिली की सदानंद घवाळीकडे उरतं काय? इतिहासाचा तास. तो तर कोणी फुकट दिला तरी घेत नव्हतं.

म्हणून त्याने एक डाव टाकला. संध्याकाळी तो शमिकाच्या घरी गेला, तिच्या आईची परवानगी काढायला. मनात होतं की परवानगी अशा काही रीतीने मागायची की आई नकोच म्हणेल. शमिकाची आई कारखान्यातून नुकती आलेली, बोटं काजूच्या तेलाने काळी पडलेली. तिने पाणी दिलं, गूळ दिला. सदूने तोंड भरून अडचणी सांगितल्या. मावशी कशी आचरट बोलते, गाव कसा नावं ठेवतो, उद्या पोरीचं स्थळ आलं तर लोक कशी आठवण काढतील.

बाईने सगळं ऐकून घेतलं. "मास्तर," ती म्हणाली, "तुमी सोताचां सगळां सोडून लुगडां नेसून नाचताव, तरी तुमचां लगीन मोडलां नाय. ती तर आदीच पोरगी हाय. तिचां काय मोडनार?"

सदूने गूळ खाल्ला आणि परत आला.

मग त्याच्याकडे एकच युक्ती उरली. पोरीला सगळ्यांसमोर करायला लावायची. जमणार नाही, आपोआप माघार घेईल. आपण मोठ्या मनाने पाठीवर हात ठेवू, म्हणू, अगो, वीस वर्षं लागतात.

दुसऱ्या दिवशी शमिका हॉलच्या मध्यभागी उभी राहिली. पाय फाकले, ढुंगण मागे काढलं, पोट नसताना पोट पुढे आणलं. एक हात कमरेवर. दुसऱ्या हाताची दोन बोटं गालाला लावली, मान वाकडी केली आणि पिपाणीसारख्या आवाजात म्हणाली, "अगो बाय बाय बाय, ह्यो कोन गो आडवा आला?"

पोरं पडायची बाकी राहिली. हेडमास्तर दारात येऊन उभे होते, त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. सदूही हसायला लागला आणि हसता हसता त्याचं तोंड उघडंच राहिलं. ही मावशी कुठे होती? हा तर तो होता. ढुंगण त्याचं, बोटं त्याची, बाय बाय बाय त्याचं. पोरीने जन्मात एकच मावशी बघितली होती, ती सदू घवाळी. बाईचं सोंग घेतलेल्या बाप्याचं सोंग एक पोरगी हुबेहूब करत होती, आणि त्या सगळ्या सोंगात बाई औषधालाही नव्हती. अशी चालणारी बाई त्याने स्वतः तरी कधी बघितली होती का? विमल अशी चालली असती तर त्याने तिला डॉक्टरकडे नेलं असतं.

"थांब," तो म्हणाला. "ह्यो मी झालंव. मना कशाला दाखवतंस, मी घरी आरशात बगतंय. बाय दाखव."

"कुठली बाय?"

"खरोखरची. तोंडानं फाटकी बाय तुज्या नात्यात कोन हाय का नाय?"

शमिकाने पाय जवळ घेतले. कमरेवरचा हात काढला. ओढणी कंबरेला करकचून बांधली आणि हात घडी करून उभी राहिली. बस. आणखी काही केलं नाही. मग सुजयकडे, म्हणजे कृष्णाकडे, खालून वरपर्यंत बघितलं, जसं ताजं आहे की शिळं ते बघतात तसं.

"ह्यो काल पन हितंच होता काय गो?" ती शेजारच्या पोरीला म्हणाली, आवाज न चढवता. "डोळे बग त्याचे. बर्फातला हाय."

हॉलमध्ये कोणी लगेच हसलं नाही. मग मागून एक पोरगी फिसकन हसली आणि ते हसू भिंतीपर्यंत गेलं. सुजय खरोखरच ओशाळला.

"कोन ही?" सदूने विचारलं.

"माजी आत्या. हर्ण्याला दिलीय तिला. सांजच्या मासळीच्या लिलावात उभी ऱ्हाते. सुट्टीत मी जातंय तिच्याकडं."

सदूच्या मावशीवर लोक हसत आले होते. या मावशीने समोरच्यावर हसवलं. फरक काय तो त्याला कळला, आणि कळला नसता तर बरं झालं असतं असंही वाटलं.

"उद्यापासून तूच कर," तो म्हणाला. "पान मात्र खोटां खा."

पण मृदंग बाकी होता. मृदंग वाजवणारा लवूआजा शाळेसमोरच्याच घरात राहतो. गावच्या नमनाचा सगळा ताल त्याच्या दोन पंजांत. सदू गेला तेव्हा तो ओट्यावर बसून मृदंगाच्या पुडीला कणीक लावत होता.

"पोरी नाचनार आनि मी वाजवनार?" लवूआजाने विचारलं. "तू येडा झालास काय सदू? नमनात बायमानूस उबां ऱ्हायलां तर मी मृदंगाला हात लावनार नाय."

"आजा, गौळनी बायाच ना?"

"गौळनी बाया. गौळन करनारा बाप्या."

सदूला हसू आलं. इतक्यातच त्याने स्वतः हेच इतक्याच खात्रीने सांगितलं होतं, त्यामुळे वाद घालायला तोंड नव्हतं. त्याने मृदंग तेवढा मागून आणला आणि तालमीला स्वतःच वाजवायला बसला. आता, देवाने सदूला नकला दिल्या, ताल दिला नाही. गौळणी उजवीकडे निघाल्या की त्याची थाप डावीकडे पडायची. गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात तो तिसऱ्यात असायचा. पोरी बिचाऱ्या नाचता नाचता थांबून त्याची वाट बघायच्या. पहिल्या दिवशी लवूआजाने घराच्या खिडक्या लावून घेतल्या. दुसऱ्या दिवशी रेडिओ मोठा केला. तिसऱ्या दिवशी तालीम अर्धी झाली नाही तोच हॉलचं दार धाडकन उघडलं.

"ऊट," लवूआजा म्हणाला. "म्हशीवर हानतंस तसा हानू नको. माज्या बापसाचा मृदंग हाय तो."

"म्हंजे आजा, तुमी..."

"मी पोरींसाटी नाय आलंव. चामड्यासाटी आलंव." असं म्हणून त्याने मृदंग मांडीवर ओढला, पुडी चाचपली आणि शमिकाकडे न बघता विचारलं, "कुटल्या पट्टीत म्हनतंस?"

आठ मार्चला सांज उतरायच्या आत शाळेच्या पटांगणात मंडप भरला. बचतगटाच्या बाया पुढच्या सतरंजीवर, बाप्ये मागे गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणाच्या भिंतीवर. विमल पहिल्या रांगेत जाऊन बसली. दरवर्षी ती रंगपटात असायची, नवऱ्याला लुगडं नेसवायला. गवळण तिने कधी पुढून बघितली नव्हती. "यंदा बगतंय," ती म्हणाली, "तुमी नेसवा."

म्हणून पडद्याच्या आड सदू मास्तर पोरींच्या निऱ्या सावरत होता. खांद्यावर कोणाची तरी शाल, तोंडात सेफ्टी पिना. एकेक थोर बाई रंगमंचावर जात होती आणि तो तिच्या मागून पदर ओढून घेत होता.

शमिका गेली. पहिल्या नजरेतच तिने मंडप हातात घेतला. बचतगटाच्या बाया एकमेकींना कोपरखळ्या मारायला लागल्या. सुईण भेटली, खलाशाची बायको भेटली. शमिकाने तिला विचारलं, "तू कोन गो? पुस्तकात दिसली नायस ती." ती म्हणाली, "मी लावनी करत होते, फोटोला वेळ नव्हता." टाळी पडली. मग कृष्ण आला. वाट अडवून म्हणाला, "मावशे, लोणी दिल्याशिवाय पुढे सोडणार नाही."

आणि शमिका थांबली.

ती मुद्दाम थांबली असं पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं. मग लवूआजाने एक थाप जास्तीची दिली. मग आणखी एक. सदूच्या ध्यानात आलं. वाक्य गेलं होतं. गडग्यावरून कोणीतरी शीळ घातली. सदूने पिना थुंकल्या आणि पडद्याआडून, विचार करायच्या आत, वीस वर्षांच्या सवयीने, त्याच्या त्या पिपाणीच्या आवाजात ओरडला, "आदी नाक पूस, मंग लोनी माग!"

तो आवाज अख्ख्या पंचक्रोशीने ओळखला.

"मास्तर आत हाय! मावशी आत हाय! भायर येवा, मास्तर!" गडग्यावरचे बाप्ये उठून उभे राहिले. टाळ्या, शिट्या. "अहो मास्तर, या की!"

पाय निघाला होता. हे सदूने पुढे स्वतःहून कितीजणांना सांगितलं. उजवा पाय पडद्याच्या बाहेर होता. अंगावर पँट होती, तरी कंबर आपोआप मागे गेली होती, हात कमरेवर गेला होता. एक पाऊल टाकलं की झालं, मंडप त्याचा. पोरगीही वाचली असती, असं त्याने स्वतःला त्या क्षणात सांगूनही टाकलं. बुद्धी एवढी चटकन त्याच्या मदतीला वर्गात कधी आली नव्हती.

शमिकाने त्या पायाकडे बघितलं. मग हाताची घडी घातली आणि गडग्याकडे वळली.

"बोलवू नका त्याला," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण शेवटच्या माणसापर्यंत गेला. "म्हातारा भाऊस हाय माजा. मी घरात राबतंय आनि ह्यो माजां लुगडां नेसून गावभर फिरतंय, इतकी वर्सां. आज आत बसवलाय कामाला. पोरींच्या निऱ्या काडतंय. दोन पिना बोटात घुसल्यात, पन सुदारतंय."

मंडप कोसळायचाच बाकी राहिला. विमल तोंडाला पदर लावून इतकी हसली की शेजारणीने तिची पाठ चोळली. शमिकाने हसू ओसरू दिलं, पुरतं ओसरू दिलं, आणि मग कृष्णाकडे सावकाश मान वळवली.

"आनि तू. आदी नाक पूस. मंग लोनी माग."

लवूआजाची थाप नेमकी त्याच शब्दावर पडली. आतल्या बाजूला सदूने पाय मागे घेतला, गुडघ्यावर बसला आणि जमिनीवरच्या पिना गोळा करायला लागला. त्याच्या ओठावर हसू होतं. वाक्य त्याचं होतं, पण त्याच्या तोंडून ते कधी एवढं गाजलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत निघाला तेव्हा लवूआजा ओट्यावर दात घासत होता.

"पोर बरी हाय," तो म्हणाला. "घाय करत नाय. तुजी घाय असायची." मग चूळ भरून, "पन शिमग्याला मंडळाच्या नमनात तूच उबा ऱ्हायचास. त्या शाळेच्या गोष्टी शाळेत."

सदूला बरं वाटलं. आणि बरं वाटलं याची लाजही वाटली. चार पावलं जाईपर्यंत दोन्ही बरोबर होती, मग लाज जरा पुढे गेली. तो मागे फिरला. "तिला इचारून बगतंय, आजा. मंडळाच्या बैठकीला घेऊन येतंय."

"बैठकीत मी बोंबलनार."

"बोंबला. माज्यापेक्षा तालात बोंबलाल."

शाळेसमोरच्या एस.टी. थांब्यावर एक माणूस उभा होता, वरच्या वाडीतला, काल गडग्यावर असणार. त्याने सदूकडे निरखून बघितलं. "ती मावशी करनारी पोर तुमच्याच शाळेतली ना? तुमी तिचे कोन?"

"मी तिना इतिहास शिकवतंय," सदू म्हणाला.

"आसां," तो माणूस म्हणाला आणि गाडीकडे बघायला लागला.

शाळेत घंटा झालेली. पटांगणात मंडपाचे बांबू काढायचं चाललं होतं. हेडमास्तरांनी व्हरांड्यातूनच हाक मारली, "घवाळी, घटक चाचणीचे पेपर राहिलेत तुमचे." सदूने मान डोलावली. आठवीच्या वर्गात गोंगाट चालला होता, दोन पोरगे बाकावर चढले होते. डस्टर कुठे सापडेना, म्हणून त्याने फळा तळहाताने पुसला, हात पँटीला झटकला आणि खडू घेतला.

"बसा खाली," तो म्हणाला. "पुस्तकं काढा."